कर, पायाभूत सुविधा आणि विकसनशील देशाची आर्थिक वाढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्ता धड नाही म्हणून कर द्यावासा वाटत नाही, आणि कर जमत नाही म्हणून रस्ता धड होत नाही. विकसनशील देशांच्या अर्थकारणात ही गाठ जागोजागी आढळते, आणि पुढचे बहुतेक प्रश्न तिच्यातूनच निघालेले आहेत. उत्तरे देताना कराचा दर, वसुलीची यंत्रणा, खर्चाची पद्धत आणि उभारलेल्या सुविधेची देखभाल या चार बाबींकडे एकत्र पाहिले आहे. यांपैकी एकच बाब धरून केलेली चर्चा बहुधा चुकीच्या निष्कर्षाकडे जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कर हा उत्पादनावरचा भार असेल, तर तो वसूल करून आर्थिक वाढ कशी साधणार?

कर हा भार आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. कारखानदाराच्या नफ्यातून कर वजा झाला की त्याच्याकडे नवी यंत्रे घेण्यासाठी कमी पैसा उरतो आणि गुंतवणुकीवरचा परतावा घटतो. परंतु त्याच कारखान्याचा माल बंदरापर्यंत नेणारा रस्ता, त्याची यंत्रे चालवणारी वीज, त्याच्या कामगारांना आजारांपासून वाचवणारे शुद्ध पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था यांतील बरेच काही कोणी एकटा उद्योजक स्वतःपुरते उभारू शकत नाही, आणि उभारले तरी त्याचा लाभ इतरांनाही मिळत असल्याने पूर्ण किंमत त्याला वसूल करता येत नाही. म्हणून ही कामे सामूहिक पैशातून होतात. वीज वारंवार खंडित होणाऱ्या देशांत कारखाने स्वतःचे जनरेटर चालवतात, आणि तो डिझेलचा खर्च हाही एक प्रकारचा करच असतो. फरक इतकाच की तो सरकारी तिजोरीत जमा होत नाही आणि त्यातून कोणाच्याही उपयोगाची वाहिनी उभी राहत नाही. भारतातील कारखान्यांच्या अभ्यासात विजेच्या तुटवड्यामुळे सरासरी कारखान्याचे उत्पन्न ५ ते १० टक्क्यांनी घटत असल्याचे आढळले होते. न भरलेल्या कराची किंमत अशा रीतीने दुसऱ्या वाटेने मोजावी लागते.

मग वाढीसाठी योग्य असा कराचा एखादा दर सांगता येतो का?

सिद्धान्ताच्या पातळीवर सांगता येतो. रॉबर्ट बॅरो या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलेल्या प्रतिमानात, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या सोप्या गणिती मांडणीत, सरकारी सेवा हा खासगी उत्पादनाचाच एक घटक मानलेला आहे. कर शून्य असेल तर सुविधा नाहीत, म्हणून वाढ नाही. कर शंभर टक्के असेल तर गुंतवणुकीचे कारणच उरत नाही, म्हणूनही वाढ नाही. या दोन टोकांमध्ये वाढीचा आलेख टेकडीसारखा चढतो आणि उतरतो. टेकडीचा माथा कुठे येतो याचे उत्तर नेटके आहे. सार्वजनिक सेवा एक टक्क्याने वाढल्यावर उत्पादन जितके टक्के वाढते, त्याला उत्पादनाची लवचिकता म्हणतात. ती ०.१ असेल, तर एकूण उत्पादनाच्या १० टक्के इतका कर अशा उत्पादक सेवांवर खर्च करणे वाढीच्या दृष्टीने सर्वोत्तम ठरते. हा हिशेब केवळ उत्पादक सेवांचा आहे. संरक्षण, निवृत्तिवेतन, प्रशासन यांचा खर्च त्यात धरलेला नाही.

या प्रतिमानातून निघणारी आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती क्वचितच सांगितली जाते. जमलेल्या प्रत्येक शंभर एककांपैकी चाळीस एकके वाटेत गळतात असे धरले, तरी टेकडीचा माथा त्याच दरावर राहतो. फक्त सारी टेकडीच खुजी होते. म्हणजे गळती भरून काढण्यासाठी दर वाढवणे हा उपाय नव्हे, आणि गळती आहे म्हणून दर कमी करणे हाही उपाय नव्हे. गळती थांबवली तर मात्र दराला हात न लावता वाढीचा वेग वाढतो.

त्या लवचिकतेचा खरा आकडा किती आहे?

यावर तीन दशकांहून अधिक काळ वाद चालू आहे. डेव्हिड आशौर यांनी १९८९ मध्ये अमेरिकेच्या आकडेवारीवरून सुमारे ०.३९ इतकी मोठी लवचिकता काढली. तिच्यावर लगेच आक्षेप घेतले गेले, कारण दोन आकडे वर्षानुवर्षे एकत्र वाढले म्हणजे एकामुळे दुसरा वाढला असे सिद्ध होत नाही. श्रीमंत होत जाणारा देश अधिक रस्ते बांधतो, हा उलट्या दिशेचा संबंधही तितकाच खरा असतो. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सरासरी ०.१ च्या आसपास आली. हा आकडा दिसायला लहान असला तरी दुर्लक्षण्यासारखा मुळीच नाही. दरसाल ३ टक्क्यांनी वाढणारे उत्पादन दुप्पट व्हायला सुमारे २३ वर्षे लागतात, तर ५ टक्क्यांनी वाढणारे सुमारे १४ वर्षांत दुप्पट होते. एखाद्या टक्क्याच्या फरकाला एका पिढीच्या आयुष्यात किती अर्थ असतो, हे यावरून लक्षात यावे.

विकसनशील देशांत कर इतका कमी का जमतो?

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या सदस्य देशांत करांचे सकल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले प्रमाण सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास आहे. अनेक गरीब देशांत ते १५ टक्क्यांच्याही खाली राहते. याचे कारण लोक अधिक अप्रामाणिक आहेत असे सांगणे चुकीचे आणि अन्यायकारक आहे. श्रीमंत देशांतील बहुतेक कर हे करदात्याच्या सचोटीपेक्षा कागदोपत्री पुराव्यामुळे भरले जातात. नोकरी देणारी कंपनी पगाराची माहिती परस्पर कळवते, बँक व्याजाची माहिती कळवते, आणि उत्पन्न लपवायला जागाच उरत नाही. जिथे बहुसंख्य लोक स्वतःच्या लहान शेतावर, फिरत्या विक्रीवर किंवा रोजंदारीवर जगतात, व्यवहार रोखीने होतात आणि हिशेबाच्या वह्या नसतात, तिथे अशी त्रयस्थ माहिती मिळत नाही. मग सरकार सहज हाती लागणाऱ्या मोजक्या कंपन्यांवर, आयातीवर आणि इंधनावर कर बसवते, म्हणजेच अरुंद पायावर उंच दर उभे करते. त्यामुळे नोंदणीकृत उद्योगाला नोंदणीबाहेर राहण्याचा मोह होतो आणि पाया आणखी आक्रसतो.

किमान किती कर जमायला हवा?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, कर आणि उत्पादनाचे प्रमाण पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास गेल्यानंतरच्या दशकात देशांची वाढ ठळकपणे वेगवान झालेली दिसते. जागतिक बँक साधारणपणे १५ टक्के हा उंबरठा सांगते. हे आकडे दिशा दाखवण्यापुरते घ्यावेत. उंबरठा ओलांडताच आपोआप वाढ सुरू होते असे त्यातून सिद्ध होत नाही.

दर वाढवला की महसूल वाढतो ना?

नेहमीच वाढत नाही. काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील कनांगा या शहरात २०१८ मध्ये मालमत्ता कराचा एक प्रयोग झाला. काही घरांना यादृच्छिक पद्धतीने निवडून कमी दराची मागणीपत्रे देण्यात आली. दर कमी केल्यावर भरणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की एकूण महसूलही वाढला. महसूल सर्वाधिक करणारा दर प्रचलित दरापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी होता, असे संशोधकांनी काढले. यावरून 'कर कमी करा' एवढाच धडा घेणे घाईचे होईल. त्याच प्रयोगात असेही दिसले की वसुली करणारे कर्मचारी जितके सक्षम, तितका झेपणारा दरही अधिक. दर आणि वसुलीची क्षमता या एकमेकींना धरून वाढवायच्या गोष्टी आहेत.

कोणत्या करांवर भर द्यावा?

आयात शुल्क वसूल करायला सोपे असते, कारण बंदर आणि सीमेवरचे नाके मोजके असतात. पण ते देशातील उद्योगांचा कच्चा माल आणि यंत्रे महाग करते. व्यापार खुला करताना हे शुल्क कमी झाले, तेव्हा सर्वांत गरीब देशांना गमावलेल्या महसुलापैकी फारच थोडा भाग इतर करांतून भरून काढता आला, आणि त्याचा फटका त्यांच्या सार्वजनिक गुंतवणुकीला बसला.

मूल्यवर्धित कर, म्हणजे विक्रीच्या प्रत्येक टप्प्यावर वाढलेल्या मूल्यापुरता आकारला जाणारा कर, १९५४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला आणि आज १७० हून अधिक देशांत कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. त्याचे बलस्थान त्याच्या रचनेत आहे. खरेदीवर भरलेला कर परत मिळवायचा असेल तर व्यापाऱ्याला विक्रेत्याकडून पावती घ्यावीच लागते, म्हणून साखळीतील प्रत्येक जण मागच्याचा नकळत लेखापरीक्षक होतो. ही साखळी अखेरच्या ग्राहकापाशी तुटते, कारण त्याला पावतीची गरज नसते. ब्राझीलमधील साओ पाउलो राज्याने २००७ मध्ये ग्राहकांना पावतीवर कराचा काही अंश परत देण्याची आणि सोडतीतून बक्षिसे देण्याची योजना आणली. पुढील चार वर्षांत किरकोळ विक्रेत्यांनी नोंदवलेली विक्री किमान २१ टक्क्यांनी वाढल्याचे अभ्यासात दिसले. मूल्यवर्धित कराचा दोष असा की गरीब कुटुंब उत्पन्नाचा मोठा हिस्सा उपभोगावर खर्च करत असल्याने त्याच्यावर हा कर तुलनेने जड पडतो. ही भरपाई खर्चाच्या बाजूने, म्हणजे गरिबांपर्यंत पोहोचणाऱ्या सेवांमधून, करावी लागते.

मालमत्ता कर हा माझ्या मते विकसनशील देशांनी सर्वाधिक दुर्लक्षलेला कर आहे. जमीन लपवता येत नाही, देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिच्यावर कर बसवल्याने ती कमी होत नाही. अडचण असते ती मूल्यांकनाची. सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन येथे २०२० च्या सुमारास उपग्रहचित्रांवरून घरांची मोजणी करून आणि छत, भिंती, खिडक्या, रस्त्यालगतची जागा अशा बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांना गुण देऊन मूल्य ठरवण्याची पद्धत आणली गेली. बाजारभावाच्या नोंदी नसलेल्या शहरालाही मूल्यांकन करता येते, हे तिने दाखवून दिले.

करसवलती देऊन गुंतवणूकदार आणणे चांगले नाही का?

बहुतेक वेळा नाही. उद्योजकांना विचारले असता ते विश्वसनीय वीज, वाहतूक, स्थिर कायदे आणि बाजारपेठ यांना सवलतीपेक्षा वर ठेवतात. सवलत देऊन गमावलेला महसूल जर याच गोष्टींसाठी लागणार असेल, तर सवलतीने स्वतःचाच हेतू हाणून पाडलेला असतो.

अंदाजपत्रकात रक्कम खर्च झाली म्हणजे तितकी सुविधा उभी राहिली, असे मानावे का?

असे मानण्याची सवयच पुष्कळ गोंधळाचे मूळ आहे. राष्ट्रीय हिशेबात वर्षानुवर्षांचा भांडवली खर्च जोडून, त्यातून घसारा वजा करून 'सार्वजनिक भांडवल' मोजले जाते. अर्थशास्त्रज्ञ लँट प्रिचेट यांनी २००० मध्ये दाखवून दिले की हा आकडा केवळ घातलेल्या पैशाचा आहे, निर्माण झालेल्या भांडवलाचा नव्हे. खासगी कारखानदार निरुपयोगी यंत्रावर पैसे घालवत राहिला तर बाजार त्याला थांबवतो; सरकारला तसा अडसर नसतो. कोणत्याही गावाला न जोडणारा पूल आणि गजबजलेल्या शहराचा पाणीपुरवठा, दोघेही हिशेबात सारख्याच मानाने जमा होतात.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१५ मध्ये केलेल्या अंदाजानुसार सार्वजनिक गुंतवणुकीतून मिळू शकणाऱ्या लाभाचा सरासरी सुमारे ३० टक्के भाग अकार्यक्षमतेमुळे हातचा जातो, आणि कमी उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण आणखी मोठे असते. भ्रष्टाचार हे त्याचे एक कारण आहे, पण एकमेव नाही. प्रकल्पाची निवड गरजेपेक्षा दृश्यतेवर होते. जमीन ताब्यात येण्याआधी कंत्राट दिले जाते. निधी तुकड्यातुकड्याने सोडल्याने काम वर्षानुवर्षे रेंगाळते आणि अर्धवट खांब गंजत राहतात. खर्चाचे अंदाज मुळातच कमी दाखवण्याची प्रवृत्ती श्रीमंत देशांतही आहे. बेंट फ्लिव्हबर्ग आणि सहकाऱ्यांनी २० देशांतील २५८ वाहतूक प्रकल्प तपासले, तेव्हा दहापैकी नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजाबाहेर गेलेला आढळला. रेल्वे प्रकल्पांत ही वाढ सरासरी ४५ टक्के, तर रस्त्यांत २० टक्के होती. ज्या देशाची तिजोरी लहान, त्याला ही चूक अधिक महाग पडते. चिलीने प्रकल्प मांडणारे खाते आणि त्याची सामाजिक उपयुक्तता तपासणारी यंत्रणा वेगळी ठेवली आहे, आणि तपासणीत न टिकलेल्या प्रकल्पाला निधी मिळत नाही. ही शिस्त कोणत्याही नव्या करापेक्षा स्वस्त आहे.

देखभालीला इतके महत्त्व का दिले जाते?

कारण सर्वांत मोठी नासाडी इथेच होते, आणि ती गाजावाजा न होता होते. रस्त्याच्या पृष्ठभागावर पहिली बारीक भेग पडते तेव्हा ती बुजवणे क्षुल्लक खर्चाचे असते. ती तशीच राहिली तर पावसाचे पाणी आत झिरपते, खालचा थर मऊ पडतो, जड वाहनांच्या चाकांखाली तो दबतो, आणि काही वर्षांत वरचा थर दुरुस्त करून भागत नाही. सगळा रस्ता खणून नव्याने बांधावा लागतो. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रस्ते संस्थेच्या अंदाजानुसार तीन वर्षे दुर्लक्ष केल्यास दुरुस्तीचा खर्च नियमित देखभालीच्या सहापट होतो, आणि पाच वर्षे दुर्लक्ष केल्यास अठरापट. जागतिक बँकेने १९९४ च्या विकास अहवालात नमूद केले होते की आफ्रिकेत आदल्या दशकात वेळच्या वेळी १२ अब्ज डॉलर देखभालीवर घातले असते, तर रस्ते पुन्हा बांधण्याचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते. वाहनांचे सुटे भाग, इंधन आणि वेळ यांच्या रूपाने जनतेने सोसलेला खर्च याहून वेगळा.

मग देखभाल का होत नाही? नव्या पुलाचे उद्घाटन होते, बुजवलेल्या भेगेचे होत नाही, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. मदत देणाऱ्या आणि कर्ज देणाऱ्या संस्था अनेक दशके नव्या बांधकामाला पैसे देत आल्या आणि देखभाल यजमान देशावर सोपवत आल्या. अंदाजपत्रकात देखभाल महसुली, म्हणजे दरवर्षीच्या चालू खर्चात मोडते, आणि महसुली तूट कमी करण्याची वेळ आली की पगार व व्याज कापता येत नसल्याने कात्री देखभालीवरच चालते. 'कर्ज फक्त भांडवली खर्चासाठी काढावे' हा दिसायला शहाणपणाचा नियमही नकळत नव्या बांधकामाच्या बाजूने झुकतो. शांतायनन देवराजन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ४३ विकसनशील देशांची वीस वर्षांची आकडेवारी तपासली, तेव्हा खर्चातील चालू खर्चाचा वाटा वाढीला पोषक आणि भांडवली खर्चाचा वाटा मारक आढळला. 'उत्पादक' म्हणून गौरवलेला खर्चही प्रमाणाबाहेर गेला की अनुत्पादक होतो, असा त्याचा अर्थ आहे. घानासह आफ्रिकेतील अनेक देशांनी १९९० च्या दशकात इंधनावरील अधिभार थेट रस्ते निधीत वळवून त्याच्या कारभारात वाहतूकदारांना स्थान दिले. सर्वत्र तो निधी अबाधित राहिला नाही, पण दिशा योग्य होती.

कराऐवजी कर्ज काढून बांधले तर काय बिघडते?

दीर्घकाळ टिकणाऱ्या सुविधेचा भार पुढच्या पिढीनेही काही अंशी उचलावा, यात अन्याय नाही. पण कर्ज हा कराला पर्याय नसून पुढे ढकललेला कर आहे, आणि परकीय चलनातील कर्जाला तर निर्यातीचीही जोड लागते. श्रीलंकेचे उदाहरण याबाबतीत फार क्लेशदायक आहे. डोक्यावर आधीच मोठे कर्ज असताना २०१९ च्या अखेरीस तिथे मूल्यवर्धित कराचा दर १५ वरून ८ टक्के करण्यात आला आणि नोंदणीची मर्यादाही खूप वाढवण्यात आली. आधीच कमी असलेले करांचे प्रमाण कोसळले, त्यात महासाथीने पर्यटन थांबले, आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाला परदेशी कर्जाची परतफेड स्थगित करावी लागली. करकपात हे एकमेव कारण नव्हते, पण संकट झेलण्याची ताकद तिने काढून घेतली. जानेवारी २०२४ पासून तोच दर १८ टक्के झाला, आणि तो भरणाऱ्यांत ज्यांचा कर्जाशी काहीही संबंध नव्हता असे लोक बहुसंख्य होते.

टोल आणि खासगी भागीदारीने प्रश्न सुटत नाही का?

वर्दळीच्या महामार्गाचा, बंदराचा किंवा विमानतळाचा काही अंशी सुटतो. ग्रामीण रस्ता, पूरनियंत्रण, सांडपाणी यांचा सुटत नाही, कारण तिथे वापरणाऱ्याकडून पुरेसे पैसे वसूल होत नाहीत किंवा करणे योग्य नसते. शिवाय खासगी कंपनीला दिलेली किमान उत्पन्नाची हमी हेही सरकारचे कर्जच असते, फक्त ते हिशेबात दिसत नाही.

रस्ता झाला की समृद्धी येतेच का?

नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भारतातील ग्रामीण रस्त्यांच्या योजनेचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला काटेकोर अभ्यास सांगतो की नवा रस्ता मिळालेल्या गावांतून लोक शेतीबाहेरच्या कामांकडे वळले, पण चार वर्षांनंतरही गावातील उत्पन्नात किंवा शेतीच्या उत्पादनात मोठी वाढ दिसली नाही. याउलट वसाहतकाळातील रेल्वेच्या अभ्यासात लोहमार्ग पोहोचलेल्या जिल्ह्यांचे वास्तव कृषी उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसते. फरक समजण्यासारखा आहे. एक मुख्य वाहिनी सबंध बाजारपेठा जोडते. शेवटची फांदी तिच्यामागे बाजार, पतपुरवठा आणि वीज असेल तरच फळते. तरीही आजारी माणसाला दवाखान्यात वेळेत पोहोचवणारा रस्ता केवळ उत्पन्नाच्या आकड्यावर नाकारावा, असे मला वाटत नाही.

सुविधेमुळे जमिनीचे भाव वाढतात. त्या लाभातून खर्च निघू शकतो का?

निघू शकतो, आणि ही वाट पुरेशी वापरली गेलेली नाही. मेक्सिकोतील अकायुकान शहरात यादृच्छिक पद्धतीने निवडलेले कच्चे रस्ते पक्के करण्यात आले, तेव्हा त्या रस्त्यांवरील घरांचे मूल्य सुमारे १६ टक्क्यांनी वाढले, आणि जमीन व घरांच्या मूल्यात झालेली ही वाढ बांधकामाच्या खर्चाइतकी भरली. कोलंबियात १९२१ च्या कायद्यापासून अशा मूल्यवाढीवर अंशदान आकारण्याची पद्धत आहे आणि बोगोटासारख्या शहरांनी त्यातून रस्ते बांधले आहेत. ज्याच्या दारात सुविधा आली, त्याच्याकडूनच तिचा वाटा मागितला जात असल्याने हा कर समजावून सांगणे सोपे जाते. मूल्य वाढले तरी हाती रोख रक्कम नसलेल्या वृद्ध किंवा गरीब घरमालकाला हप्ते किंवा विक्रीच्या वेळी भरण्याची मुभा द्यावी लागते.

सक्ती न करता लोक कर कधी भरतात?

सक्ती अजिबात नको असे म्हणता येणार नाही. पण ती एकटी पुरत नाही. कनांगा शहरातच आधी झालेल्या एका मोहिमेत, ज्या वस्त्यांत कर वसूल करण्यासाठी कर्मचारी घरोघरी गेले, तिथले नागरिक सरकारी सभांना अधिक संख्येने आले आणि कारभाराबद्दल लेखी मत देऊ लागले. जे प्रत्यक्षात कर भरत नव्हते, त्यांच्यापैकीही काहींना सरकार आपली दखल घेते आहे असे वाटले. उलट केनियात जून २०२४ मध्ये नव्या करांच्या विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर आले आणि ते मागे घ्यावे लागले. त्यांच्या घोषणांत कराइतकाच उधळपट्टीचा आणि भ्रष्टाचाराचा संताप होता. म्हणून वसुली सुधारण्याचे पहिले पाऊल कर कार्यालयाबाहेरही टाकता येते. कोणत्या रस्त्यावर किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली, काम कोणाकडे आहे आणि पुढील पाच वर्षे त्याची देखभाल कोण करणार, हे त्या रस्त्याच्या कडेलाच स्पष्ट अक्षरांत लिहून लावावे, आणि त्या फलकावरील प्रश्नांना उत्तर देण्यास बांधील असलेला अधिकारी कोण, हेही त्यावरच लिहावे.